डंपावरची शिटी

दुपारचे चार वाजले की गौरेशच्या फोनवरून चौघांच्या गटावर एकच शब्द जायचा: ‘आज?’

बाकी काही लिहायची गरज नसे. हा शब्द गेला की डिचोली तालुक्यात तीन ठिकाणी तीन माणसांचं कामावरचं लक्ष उडायचं. मयेच्या शाळेत विज्ञान शिकवणारी क्षमा वह्या तपासता तपासता खिडकीबाहेरच्या माडाच्या झावळ्या बघायला लागायची. बेळगावकडून येऊन इथल्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंग करणारा दीपक तोंडावरची काळी काच वर सरकवून छपराचे पत्रे वाजतात का ते ऐकायचा. आणि औषधांच्या कारखान्यात पाळीवर असलेला निहार, जो आजवर कधी वेळेवर पोचला नाही, तो सगळ्यांच्या आधी ‘येतो’ लिहून मोकळा व्हायचा.

या चौघांना हँग ग्लायडिंगचं वेड होतं. भलामोठा तिकोनी कापडी पंख, खाली धरायला दांडा. अंगात पट्ट्यांची झोळी चढवायची, झोळीच्या पाठीवरल्या पट्ट्याचा हुक पंखाच्या मधल्या फासात अडकवायचा आणि वाऱ्याच्या तोंडावर कड्यावरून धावत सुटायचं. इंजिन नाही, बसायला जागा नाही. माणूस हवेत लटकतो तो त्या एका हुकाच्या भरवशावर. गावातले लोक यांना पतंगवाले म्हणत आणि यांची पाठ वळली की डोक्याजवळ बोट फिरवून दाखवत.

आधी ते पेडण्याच्या सड्यावरून उडायचे. तिथे एका परदेशी म्हाताऱ्याने त्यांना शिकवलं आणि मायदेशी जाताना आपले जुने पंख त्यांच्या गळ्यात मारले. मग मोपाला विमानं उतरायला लागली आणि त्या बाजूचं आकाश यांच्यापुरतं मिटलं. तेव्हा गौरेशलाच हा डंप आठवला. खाणीतली नको असलेली माती वर्षानुवर्षं ट्रकांनी ओतून झालेला तांबडा डोंगर, तो डंप. पश्चिमेला सरळ तुटलेला, खाली पडीक शेत. गौरेशने आठ वर्षं बापाचा ट्रक चालवून याच कड्यावर माती ओतली होती. खाणी थांबल्या, ट्रक विकला, गौरेश परीक्षा देऊन भूमापन कचेरीत चिकटला. आपणच आणून टाकलेल्या मातीवरून आपण उडतो, याची त्याला फार गंमत वाटायची.

लग्नघरात वरबापापेक्षा जास्त धावणारा एक मामा असतो, तसा या गटात गौरेश. कचेरी पावणेसहाला सुटणार, पावणेसातला सूर्य बुडणार. त्या तासाभरात कोणाला वाटेत जीपमध्ये घ्यायचं, कोणाच्या झोळीचा पट्टा उसवलाय, खालच्या शेतात गुरं आहेत का, सगळं याच्या डोक्यात. स्वतःचा पंख लावता लावता तो दुसऱ्याच्या पंखाकडे तीन फेऱ्या मारून यायचा. बायको सुविधा म्हणायची, लष्कराच्या भाकऱ्या भाजायला तुम्हाला कोणी सांगायला लागत नाही. ते खरंच होतं, आणि गौरेशला त्याचा मनातून अभिमानही होता.

डंपाच्या माथ्यावर एक जुनी शेड होती. एके काळी तिथे ट्रकांचे टायर बदलत. आता अर्ध्या शेडमध्ये यांचे पंख आडवे ठेवलेले असत आणि अर्ध्यात बाबलीचं चहाचं दुकान. बाबली मूळचा पेडण्याचा, साठीच्या पुढचा, हडकुळा माणूस. खाण चालू होती तेव्हा तो याच कड्यावर शिटी वाजवायला उभा असे. माती ओतायला ट्रक उलटा कड्यापर्यंत न्यावा लागतो, ड्रायव्हरला मागचं दिसत नाही. आखूड आखूड शिटी म्हणजे ये, लांब शिटी म्हणजे थांब. खाण गेली तरी ती पितळी शिटी बाबलीच्या गळ्यात राहिली. तिने तो कुत्री हाकलायचा.

त्याची मिरच्यांची भजी आणि पाव झकास, पण चहा नेहमी थंड. ग्लासांचा ट्रे घेऊन हा बाबा कड्याजवळ उभा राही आणि उडणाऱ्याकडे बघत बसे, तोवर चहावर साय धरलेली. “बाबलीकाका, चाय काय फ्रिजातली?” असं निहार रोज विचारायचा आणि सगळे रोज हसायचे.

गटाचे नियम दोनच. पहिला लटकून बघायचा. हुक लावला की जोडीदाराने पंखाचं नाक धरायचं, उडणाऱ्याने आडवं होऊन लटकून दाखवायचं, जोडीदाराने हुक हाताने ओढून मोठ्याने ‘आसा’, म्हणजे ‘आहे’, म्हणायचं. दुसरा नियम खास बाबलीसाठी केलेला. एकदा क्षमा कड्यावरून धावायच्या बेतात असताना तो मागून ओरडला होता, “गो बाय, चाय घेवन जा!” क्षमा दचकली, अडखळली, नशिबाने वाचली. त्या दिवशी गौरेशने त्याला सगळ्यांसमोर झापलं: कड्यावर माणूस उभा असताना कोणी एक अक्षर बोलायचं नाही. बाबलीने मान खाली घालून ऐकून घेतलं होतं.

तर मार्चमधला बुधवार. ‘आज?’ गेलं, तीन अंगठे वर आले. सहाला गौरेश, क्षमा आणि दीपक डंपावर पोचले. वारा पश्चिमेचा, जरा झटके देणारा. निहार अर्थातच वाटेत.

वारा कसा आहे ते बघायला पहिल्यांदा गौरेशने उडायचं ठरलं. त्याने हुक लावला, क्षमाने नाक धरलं, तो आडवा झाला, तिने हुक ओढला आणि ‘आसा’ म्हणाली. मग ती वीस पावलं मागे आपल्या पंखाकडे गेली. दीपक शेडजवळ त्याच्या पंखाखाली काहीतरी खाटखूट करत होता. तेवढ्यात निहारचा फोन आला. रस्त्याचं काम चालू होतं, वाट बंद होती, आता कुठून वळू म्हणून विचारत होता. गौरेशने त्याला वाट सांगितली, फोन खिशात टाकला, पंख खांद्यावर घेतला आणि कड्यावर जाऊन उभा राहिला.

समोर झाडांचे शेंडे, त्यापलीकडे नदीचा एक तुकडा. वारा तोंडावर. त्याने तीन श्वास मोजले आणि पहिलं पाऊल उचललं.

शिटी वाजली. लांब, एका दमाची.

गौरेशचा उजवा पाय ब्रेक दाबावा तसा मातीत रुतला. पंखाचं नाक खाली गेलं, तो गुडघ्यावर आला. कड्याची धार चार हातांवर. त्याचं डोकंच फिरलं.

“कोणी वाजवली ती शिटी?” तो मागे न बघताच ओरडला. “मरूक घालतलंस काय माका?”

बाबली ट्रे घेऊन नेहमीच्या जागी उभा होता. ट्रेतले ग्लास किणकिणायला लागले. “गुरां इली व्हती,” तो पुटपुटला. “तेंका हाकललंय.”

गौरेश आणखी बोलणार होता, पण क्षमा धावत आली होती आणि पंखाच्या मागे बघत होती.

“गौरेशबाब,” ती म्हणाली, “हालू नका. तुमचो हुक नाय लागलेलो.”

गौरेशला ते कळलंच नाही. त्याने हात मागे नेला. हुक पाठीमागे मोकळा लोंबत होता. तीन पावलं आणखी टाकली असती तर पंख वाऱ्यावर गेला असता आणि खाली गेला असता तो एकटा.

“मी लावलंय,” तो म्हणाला. “माका आठवता.”

“मी ओढून बघलंय. ‘आसा’ म्हटलंय,” क्षमा म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

दीपक हातात पाना घेऊन आला, हुकाकडे बघितलं, गौरेशकडे बघितलं. “मॅडमनी ‘आसा’ म्हटलेलं मी बी ऐकलोय की वो,” तो म्हणाला. “मग निघालं कसं हे?”

त्या दिवशी कोणी उडलं नाही. निहार पोचला तेव्हा पंख शेडमध्ये गेले होते आणि तिघं तीन दगडांवर बसले होते. बाबलीने भजी-पाव आणून ठेवले. ते तसेच राहिले.

घरी गेल्यावर गौरेशने जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि सुविधाला सगळं सांगितलं. सांगता सांगता त्याच्याच लक्षात आलं, की आपण मेलो असतो ही गोष्ट आपण फार शांतपणे सांगतोय. त्याला भीती वेगळीच होती. त्याचा बाप विठू शेवटची तीन वर्षं रोज सकाळी ट्रकची किल्ली शोधायचा. ट्रक विकून दहा वर्षं झालेली. ‘आत्ता हयसर ठेवलेली’ म्हणायचा, आणि इतक्या खात्रीने म्हणायचा की शोधणाऱ्यालाही आपल्यावरच शंका यावी. ‘मी लावलंय, माका आठवता’ म्हणताना गौरेशच्या कानांना तोच सूर ऐकू आला होता.

“माझाय सुरू झाला काय गो?” त्याने विचारलं.

सुविधाने त्याच्याकडे नीट बघितलं. “थंय आणखी कोण व्हता?”

“कोण नाय. क्षमा नि दीपक. बाबली व्हतो तेवढो, चाय घेवन.”

“मगे बाबलीक विचारलास?”

“तेका काय कळता हुकातला?” गौरेश म्हणाला, आणि तो विषय तिथेच संपला.

गुरुवारी चार वाजले. ‘आज?’ गेलं नाही. शुक्रवारी वारा असा होता की कचेरीतले नकाशे मेजावरून उडाले, तरी गेलं नाही. साडेचारला निहारने नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं. त्यावर क्षमाने एक प्रश्नचिन्ह टाकलं. दीपकने अंगठा टाकला. कशाला, ते त्यालाच ठाऊक. गौरेश फोन उलटा ठेवून बसला. त्याला आता एकच गोष्ट हवी होती: तो हुक लागलेला असताना निघाला कसा, हे कळायला हवं होतं. ते कळलं नाही तर त्याने पंखाला हात लावणं बरोबर नव्हतं, आणि चार माणसांना डोंगरावर बोलावणं तर मुळीच नव्हतं.

शनिवारी तो क्षमाच्या शाळेवर गेला. ती मैदानाच्या कडेला भेटली. तीन रात्री तिला झोप नव्हती. “कदाचित तो मंगळवार असतलो,” ती म्हणाली. “रोजचा तेच करतो ना आपण. मंगळवारचा ‘आसा’ मी बुधवारचा धरून बसलंय काय, माकाच कळना नाय.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. गौरेश तिची समजूत घालायला लागला आणि समजूत घालता घालता स्वतःच गोंधळला. तिचं खरं मानलं तर हुक आपोआप निघतो. तिचं खोटं मानलं तर आपलंही खोटं. आणि बुधवारी आपण आडवं झालो होतो ते? मंगळवारी वारा उत्तरेचा होता. मंगळवारी ते गेलेच नव्हते! हे त्याला परतीच्या वाटेवर आठवलं. त्याने जीप बाजूला घेऊन क्षमाला फोन केला. तिला बरं वाटलं, याचा गुंता वाढला.

दीपककडे गेला तर तिथे नवीनच प्रकरण.

“मला काय कळंना झालंय बघा,” दीपक म्हणाला. “मी खाली नट आवळालतो. जोरात वारं सुटलं, माझ्या पंखाचं नाक उचललं. मॅडमनी पळत येऊन धरलं. म्हणून वाचलं माझं पंख.”

“क्षमान?”

“मग कोण? मी खालूनच म्हटलो, थँक्यू मॅडम. तर त्या म्हणाल्या, असू दे.”

गौरेशने तिथूनच क्षमाला फोन लावला. ती म्हणाली, पंख? मी कुठे धरला? मी तर माझ्या पंखाजवळून हलले नाही. दीपकला मी हातमोजे दिले होते, त्याचे आभार मानतोय असं वाटलं, म्हणून मान वर न करता लांबूनच असू दे म्हटलं.

“मग धरलं कोणी?” दीपकने विचारलं. मग तोच हळूच म्हणाला, “डंपावर पूर्वी काय अपघात बिपघात...?” आणि गौरेशने त्याला गप्प केलं. एकाचा हुक आपोआप निघतो, दुसऱ्याचा पंख आपोआप धरला जातो. डोकं चालेना तेव्हा भुतं बरी वाटतात, पण भूमापन कचेरीतल्या माणसाला ते शोभत नाही.

फोनमध्ये त्या संध्याकाळच्या निहारच्या फोनची नोंद होती. चार मिनिटं. गौरेशला वाटत होतं, जेमतेम अर्धं मिनिट बोललो. ‘चर्चकडून डावीकडे घे’ एवढंच तर सांगितलं. चार मिनिटं आपण काय बोलत होतो? निहारला विचारलं तर तो म्हणाला, “तुम्ही मधीच ‘थांब, थांब’ म्हणालास, मगे गप. माका वाटला रेंज गेली.” हे ‘थांब, थांब’ गौरेशच्या डोक्यात कुठेच नव्हतं. बापाचंही असंच होतं. मधले तुकडे गळायचे आणि दोन टोकं जुळवून तो शपथेवर सांगायचा.

रविवारी सुविधाने त्याला नार्व्याला नेलं. सप्तकोटेश्वरासमोर हात जोडून तो उभा राहिला, पण मागावं काय ते सुचेना. मी विसरलो असं देवाने सांगितलं तर ते ऐकवणार नाही, आणि विसरलो नाही म्हणून सांगितलं तर विश्वास बसणार नाही. मागच्या बाईने “जरा सरकता?” म्हटलं तेव्हा तो सरकला. परत येताना त्याने ठरवून टाकलं. पंख निहारला देऊन टाकायचा. गटाला कोणीतरी दुसरा बोलावील, नाहीतर मोडेल गट.

सोमवारी रजा टाकून तो दुपारीच डंपावर गेला. बाबली एकटाच होता, पावांच्या टोपलीवर फडकं टाकत होता.

“आज खंयचे एकटेच?” त्याने विचारलं.

“पंख न्हेतंय,” गौरेश म्हणाला. “निहाराक देतंय. मी आता उडणार नाय.”

बाबलीने टोपली बाजूला ठेवली. दोघांनी मिळून पंखाची घडी केली, लांबलचक पिशवीत सारून जीपच्या टपावर चढवली. गौरेशने पुढची दोरी बांधली, मागची बांधली, किल्ली काढली. बाबली जीपला एक फेरी मारून आला. मागच्या दोरीपाशी थांबला, बोटाने ती ओढून बघितली.

“ही सैल असा,” तो म्हणाला.

“असू दे. हळू न्हेतंय.”

“त्या दिसाय तुझ्या पाठीवयली अशीच सैल व्हती.”

गौरेशच्या हातातली किल्ली तशीच राहिली. “कसली?”

“दोरी. पट्टो म्हण. तुमी कड्यार उबे ऱ्हवतास, वारो पंख उचलता, तेव्हा पाठीवयलो पट्टो ताणता. रोज ताणता. त्या दिसा ताणलेलो नसलो.”

“आणि म्हणान तू शिटी वाजवलंस?”

“मगे काय करतलंय? तूच सांगलंलंस, कड्यार कोणी अक्षर बोलूचा नाय. अक्षर बोलूक नाय मी. शिटी वाजवलंय.”

“नि गुरां?”

“गुरां खंयची!” बाबली म्हणाला. “तू इतक्या मोठ्यान ओरडलंस, मी भियालंय. जी थाप इली तोंडाक ती फेकलंय. मगे माका कोणी काय विचारूकच नाय.”

गौरेश जीपच्या पायरीवर बसला. पाच दिवस तो शाळा, वर्कशॉप, देऊळ पालथं घालत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते असं.

“बाबलीकाका,” तो म्हणाला, “मी हुक लावलेलंय काय नाय?”

“लावलेलंस. ती बाय ‘आसा’ म्हणान गेली. मगे तुझो फोन वाजलो. तू बोलत व्हतंस, तितक्यात दीपकाचा पंख वाऱ्यान उचललान. तू ‘थांब, थांब’ म्हणालंस, एका हातान हुक काढलंस, तुझो पंख खाली टेकवलंस नि धावलंस. फोन कानाक, दुसऱ्या हातान तेचा पंख धरून उबो. तो खाली काय ता आवळी नि ‘मॅडम, मॅडम’ करी.” बाबलीला हसू आलं, पण त्याने ते आवरलं. “वारो बसलो. तू परत इलंस. पंख खांद्यार घेतलंस. हुक लावूक नाय.”

गौरेशने डोळे मिटले आणि आठवायचा प्रयत्न केला. फोन आठवला, चर्च आठवलं. दीपकचा पंख आठवला नाही. हातात कापड फडफडलं असेल, दांडा गार लागला असेल. काहीच नाही. पण बाकी सगळं जुळत होतं: चार मिनिटं, ‘थांब, थांब’, ‘थँक्यू मॅडम’. तो विसरला होता, हे खरंच. पण बापासारखा नाही. दुसऱ्याकडे धावण्याच्या घाईत माणूस स्वतःला मागे ठेवून जातो, तसा विसरला होता. त्याला एकदम रडू फुटलं, आणि बाबलीसमोर रडताना त्याला लाजही वाटली नाही.

बाबलीने आत जाऊन चहा आणला. आज तो कढत होता. गौरेशची जीभ भाजली.

“रोज बघतंस तू पट्टो?” थोड्या वेळाने त्याने विचारलं.

“चवगांचोय. एकेकाचो बघतंय. नायतर ट्रे घेवन कड्यार कित्याक उबो ऱ्हवतंय? चाय थंड जाता ती काय माका कळना नाय?”

गौरेशला निहारचा रोजचा विनोद आठवला आणि त्यावर रोज हसणारे आपण आठवलो. त्याने ग्लास खाली ठेवला.

“चुकला माझा,” तो म्हणाला. “तेव्हा तुका सगळ्यांसमोर बोललंय, ताय चुकला.”

“ता न्हय चुकला,” बाबली म्हणाला. “ती पोर पडली असती. माणूस कड्यार असताना बोलूचाच नाय. शिटीचा वेगळा.” मग त्याने कड्याकडे हात केला. “तू आठ वर्सां हय ट्रक मागे घेतलंस. दिसाक धा-बारा फेऱ्यो. एकदा तरी दार उघडून मागे बघलंस?”

गौरेशने आठवून बघितलं. हे मात्र त्याला स्पष्ट आठवत होतं. उलटा गियर, शिटीचा आवाज, आखूड, आखूड, आखूड, मग लांब, पाय ब्रेकवर. मागे चार बोटांवर दरी असायची आणि तो गाणं गुणगुणत असायचा.

“नाय,” तो म्हणाला.

“बघूचा नसताच. मागचा बघूक मी उबो.”

मग गौरेश उठला आणि त्याने दोरी सोडायला घेतली. दोघांनी पिशवी खाली उतरवली आणि पंख शेडमध्ये जिथे होता तिथे नेऊन ठेवला.

मंगळवारी चारला ‘आज?’ गेलं. आजवर कधी नव्हती अशी दुसरी ओळ त्याखाली होती: ‘बाबलीकाकांनी दोन आखूड शिट्या दिल्याशिवाय कोणी धावायचं नाही. मी पण नाही. फोन सगळ्यांचे पावांच्या टोपलीत.’

क्षमाचा अंगठा आधी आला. दीपकने विचारलं, माझं पंख कोणी धरलं ते कळलं का? गौरेशने लिहिलं, मी. मग खोडलं, आणि लिहिलं, बाबलीकाका म्हणतात की मी.

ती चार मिनिटं त्याला अजून आठवलेली नाहीत. बहुतेक आठवणारही नाहीत. सहा वीसला तो कड्यावर उभा राहिला. हुक लावला होता, क्षमाने ‘आसा’ म्हटलं होतं. वाऱ्याने पंख उचलला. पाठीवर काय ताणलं आणि काय नाही, ते त्याला कळेना. मान वळवून बघावंसं फार वाटलं. मागे थंड होत चाललेल्या चहाचे ग्लास किणकिणले.

आखूड. आखूड.

मागे न बघता गौरेश धावला.